पार्टिशन चुकून उडालं तर फाइली परत कशा आणायच्या

बेळगावात शहापूरला माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशी कामं. मराठी मजकूर श्रीलिपीत, कचेरीत द्यायचे कन्नड अर्ज नुडीत, ही दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दिवाळी उरकल्यावर, लगीनसराई सुरू व्हायच्या आत, मी एका रात्री घरीच विंडोज ११ टाकायला बसले.

डिस्क १ टीबीची, तिचे जवळपास सारखे दोन भाग, म्हणजे दोन पार्टिशनं. सीमध्ये विंडोज, डीमध्ये चौदा वर्षांचं काम आणि घरचे सगळे फोटो. विंडोज टाकताना जी यादी येते तिच्यात सी, डी ही अक्षरं नसतात. ड्राइव्ह ०, पार्टिशन ३, पार्टिशन ४ एवढंच दिसतं. दोन्हींचा आकार ४६५ जीबीच्या आसपास. मी चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं. जागा 'अनअलोकेटेड', म्हणजे कुठल्याच पार्टिशनची नसलेली, दिसायला लागली तेव्हा छातीत धस्स झालं, आणि त्या घाबऱ्या घाईत 'न्यू' दाबलं, 'फॉरमॅट' दाबलं. वाटलं, पार्टिशन परत केलं की आतलंही परत येईल. मग पुण्याला भाच्याला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "मावशी, हात बाजूला घे. आता एक बटणही दाबू नको, सरळ बंद कर."

पुढच्या चार-पाच दिवसांत बहुतेक सगळं परत मिळालं. जे मिळालं नाही ते डिलीटमुळं गेलं नव्हतं, त्याच्या पुढच्या दोन क्लिकमुळं गेलं होतं. नंतर खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या ओळखीच्या लोकांच्या डिस्क बघायची वेळ आली, आणि तिथंही तेच. पहिल्या चुकीनं फारसं बिघडलेलं नसतं, घाबरून केलेल्या दुसऱ्या गोष्टीनं बिघडतं. तुमची दुसरी चूक व्हायच्या आत हे तुमच्या हाती पडावं एवढ्यासाठी सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे धीर येईल. बांधावरचा हद्दीचा दगड कोणी उपटला तर शेत नाहीसं होत नाही. पार्टिशन डिलीट होणं म्हणजे दगड उपटणं. कुठून कुठपर्यंत कुठलं पार्टिशन, ही नोंद जुन्या पद्धतीच्या म्हणजे एमबीआर डिस्कवर अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या कप्प्यात, असते. चार पार्टिशनांसाठी १६ बाइटच्या चार ओळी, सगळ्या मिळून ६४ बाइट. नव्या जीपीटी पद्धतीत १२८ ओळींची जागा असते आणि त्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. डिलीट दाबलं की जाते ती यातली एक ओळ. आतली फाइलींची नावं, फोल्डर, मजकूर जागच्या जागी असतो. विंडोजच्या एनटीएफएस (फाइली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत) पार्टिशनमध्ये तर पहिल्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्येही असते. हद्द पुन्हा शोधता येते ती अशा खुणांवरून.

१. यंत्र बंद करा

गेलेलं पार्टिशन ज्या डिस्कवर होतं, ती डिस्क चालू ठेवू नका. तिच्यावरच विंडोज असेल तर विशेष. विंडोज नुसती चालू असली तरी तात्पुरत्या फाइली, अपडेट, ब्राउझरची साठवण असं काहीतरी लिहीतच असते, आणि रिकामी दिसणारी जागा म्हणजे तुमच्या फाइली आहेत.

घाबरलेल्या माणसासमोर नेमक्या या खिडक्या येतात. प्रत्येकीला नकार द्या.

– "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी." कॅन्सल.
– डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर "डिस्क इनिशियलाइज करा." कॅन्सल.
– सुरू होताना "डिस्कमधल्या चुका तपासायच्या का," म्हणजे चेकडिस्क. अजिबात नको. चेकडिस्क फाइली वाचवायला केलेली नाही, नोंदींचा मेळ घालायला केलेली आहे. मेळ बसत नसलेल्या नोंदी ती कापून टाकते.

आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करून तिथंच बसवणं. निपाणीच्या एका ओळखीच्या मुलानं तसंच केलं, आणि सापडलेले फोटोही त्याच पार्टिशनवर उतरवले. आधी आलेले फोटो मागच्या फोटोंच्या डोक्यावर बसत गेले.

तुमची डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली, असेल तर घाई आणखी हवी. विंडोज ७ पासून अशी सोय आहे की फाइल पुसली किंवा पार्टिशन फॉरमॅट केलं की विंडोज एसएसडीला निरोप देते, ही जागा आता लागणार नाही. याला ट्रिम म्हणतात. मग एसएसडी स्वतःच ती जागा आतून रिकामी करत जाते. वीज मिळत राहील तोवर हे काम चालतं, म्हणून शटडाउनची वाट न बघता बंद करा. नुसतं डिलीट झालं असेल तर आशा आहे. फॉरमॅट झालं असेल तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, आणि हे तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

२. काय झालं ते कागदावर लिहा

दोन दिवसांनी आठवत नाही. डिस्क किती जीबीची, हार्ड डिस्क की एसएसडी, किती पार्टिशनं होती, कुठलं गेलं, त्यानंतर काय काय दाबलं, हे सगळं ओळीनं लिहा. लपवू नका. मीसुद्धा भाच्याला 'फॉरमॅट'चं लगेच सांगितलं नव्हतं, आणि त्यात आमची एक अख्खी संध्याकाळ चुकीच्या वाटेवर गेली.

लिहिताना एक ध्यानात ठेवा. खोक्यावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, १ टीबीची ९३१ दिसते. मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, काही हरवलेलं नाही.

आता तुम्ही यातल्या कुठल्या ठिकाणी आहात ते बघा.

नुसतं डिलीट, पुढं काही नाही: टेस्टडिस्क या पार्टिशन शोधणाऱ्या सॉफ्टवेअरनं नावांसकट सगळं परत येण्याची चांगली शक्यता. पायरी ६.

डिलीट, नवं पार्टिशन आणि क्विक फॉरमॅट: बरंचसं येतं. पायरी ७. माझं हेच झालं होतं.

त्यावर नवी विंडोज किंवा उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लायनक्स सिस्टिम) बसवलं: नव्यानं जेवढं लिहिलं गेलं तेवढं गेलं, उरलेल्यातून मिळेल ते. पायरी ७ आणि ८.

पूर्ण फॉरमॅट, म्हणजे 'क्विक'ची खूण काढून केलेली: विंडोज व्हिस्टापासून ही फॉरमॅट अख्ख्या पार्टिशनवर शून्यं लिहीत जाते. पूर्ण झाली असेल तर त्यातून काही मिळत नाही. अर्ध्यात थांबवली असेल तर पुढचा भाग शिल्लक असतो.

डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेलं होतं: ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधा. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरत असाल तर त्या खात्यात बघा, बहुतेकदा तिथं सापडते. की नसेल तर डिस्क वाचूनही आत गिचमिडच दिसणार.

याच कागदाच्या मागं, परत काय हवं आहे तेही उतरवा, आणि दोन याद्या करा. जमिनीचा उतारा, म्हणजे आपल्याकडची आरटीसी, कर्नाटक सरकारच्या 'भूमी' संकेतस्थळावरून पुन्हा काढता येते. आधारही पुन्हा छापता येतं. त्यांच्यामागं रात्री जाळू नका. आईचा फोटो, मुलीच्या बारशाचा व्हिडिओ, शिवजयंतीच्या चित्ररथांचे दहा वर्षांचे फोटो पुन्हा कुठून येणार? ते पहिल्या यादीत.

३. साहित्य जमवा

– दुसरा चालू संगणक, शक्यतो लॅपटॉप.
– गेलेल्या डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क. १ टीबी वाचवायची तर २ टीबीची घ्या. दोन १ टीबीच्या डिस्क नेमक्या सारख्या नसतात, शिवाय सापडलेल्या फाइली उतरवायला वेगळी जागा लागते.
– सॅटा-टू-यूएसबी केबल किंवा डॉक. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, तो सोबत आहे का ते दुकानातच बघून घ्या.
– ८ जीबीच्या वरचा पेनड्राइव्ह, त्यावर सिस्टिमरेस्क्यू किंवा उबुंटू लाइव्ह. दोन्ही डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालतात.
– टेस्टडिस्क आणि फोटोरेक. दोन्ही एकाच डाउनलोडमध्ये येतात, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली, पूर्ण मोफत. सिस्टिमरेस्क्यूमध्ये ती आधीपासून असतात.
– फॉरमॅट झालेल्या पार्टिशनमधल्या फाइली शोधणाऱ्या डीएमडीई या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती.
– डेस्कटॉपवर काम करणार असाल तर यूपीएस.
– डिस्कच्या लेबलचा फोटो, ज्यात मॉडेल आणि सिरियल नंबर दिसेल. खरेदीचं बिल.

नवी रिकामी डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट आहे ना ते बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यात मावत नाही, आणि आपण करणार आहोत ती इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली नक्कल, शेकडो जीबीची.

४. डिस्कची तब्येत बघा

डिस्क लावल्यावर कान द्या. टक टक टक असा एकसारखा आवाज, किंवा फिरायला लागून थांबणं, असं असेल तर लगेच काढा आणि थेट पायरी ९ वर जा. असली डिस्क जितकी जास्त वेळ चालेल तितकी आत खरवडली जाते. फ्रीजमध्ये ठेवणं, हातानं आपटणं असले उपाय कोणी सुचवले तर ऐकू नका.

आवाज ठीक असेल तर विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी बघा. उजवीकडचे आकडे सोळाच्या पटीतल्या मोजणीत दाखवलेले असतात, त्यांचा अर्थ लावत बसू नका. शून्य आहे की नाही एवढंच बघायचं. पेंडिंगमध्ये शून्याहून जास्त असेल तर डिस्क आजारी आहे. तिच्यावर कुठलाही शोध चालवू नका, आधी इमेज काढा.

५. इमेज काढा

ही पायरी सगळेच गाळतात. मलाही गाळावीशी वाटत होती, कारण फाइली दिसायची घाई झालेली असते. भाच्यानं हट्ट धरला म्हणून केली.

इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची सेक्टरन् सेक्टर उतरवलेली एकच मोठी फाइल. पुढचे सगळे प्रयोग इमेजवर करायचे. चुकलं तर मूळ डिस्क कपाटात जशीच्या तशी.

डिस्क निरोगी असेल तर सोपा रस्ता हा: उबुंटू लाइव्हनं सुरू करा. सुरुवातीलाच 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असा प्रश्न येतो, तिथं 'ट्राय'. 'इन्स्टॉल'मध्ये गेलात तर पुढं 'इरेझ डिस्क' हा पर्याय वाट बघत असतो. डेस्कटॉप आल्यावर 'डिस्क्स' नावाचं साधन उघडा, डावीकडून जुनी डिस्क निवडा, वरच्या तीन टिंबांच्या यादीत 'क्रिएट डिस्क इमेज' घ्या आणि जागा म्हणून नवी डिस्क दाखवा.

डिस्क आजारी असेल किंवा विजेचा भरवसा नसेल तर सिस्टिमरेस्क्यूमधलं डीडीरेस्क्यू वापरा. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी लागते. तिच्यात तीन गोष्टी क्रमानं येतात: कुठून वाचायचं, कुठं लिहायचं, आणि नकाशाची फाइल. पहिल्या दोन उलट झाल्या तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते. म्हणून एंटर दाबण्याआधी मॉडेल आणि सिरियल नंबर फोटोशी ताडा, आणि घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून मोठ्यानं वाचून दाखवा. मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, पण आकडे जुळतात का ते कोणालाही बघता येतं.

तिसरी गोष्ट, नकाशाची फाइल, आपल्या भागात सोन्यासारखी आहे. कुठपर्यंत वाचून झालं, कुठले सेक्टर वाचता आले नाहीत, याची नोंद तिच्यात राहते. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी तीच ओळ पुन्हा दिली की काम राहिलेल्या जागेपासून पुढं चालू होतं. खानापूरकडच्या एका गुरुजींची डिस्क आम्ही भर पावसाळ्यात वाचवली. दिवसातून चार-चार वेळा लाइट जायची. साध्या पद्धतीनं ती इमेज कधीच पूर्ण झाली नसती. नकाशाच्या फाइलीमुळं तिसऱ्या दिवशी पूर्ण झाली. नकाशा पेनड्राइव्हवर किंवा नव्या डिस्कवर ठेवा. लाइव्ह सिस्टिमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलात तर यंत्र बंद होताच तो जातो, कारण ते फोल्डर मेमरीत असतं.

वेळेचा अंदाज घेऊन बसा. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी २ च्या भोकात लावली तर वेग ३० ते ३५ एमबीवर येतो आणि आठ-नऊ तास जातात. निळं भोक बहुतेकदा यूएसबी ३ चं असतं, त्यात लावा. डिस्क आडवी, घट्ट जागेवर ठेवा आणि चालू असताना हलवू नका.

६. टेस्टडिस्क

दिसायला जुन्या काळातलं, काळ्या पडद्यावरचं आणि बाणांच्या बटणांनी चालणारं आहे. त्याला बिचकू नका. विंडोजमध्ये 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं उघडा. लायनक्समध्ये टेस्टडिस्कच्या नावापुढं इमेजचं नाव दिलंत की ते थेट इमेजवर काम करतं.

लॉगसाठी 'क्रिएट' निवडा. मग डिस्क किंवा इमेज. मग पार्टिशन टेबलचा प्रकार, इंटेल (म्हणजे एमबीआर) की जीपीटी. टेस्टडिस्क स्वतः ओळखून एकावर उभं राहतं, नक्की माहीत नसेल तर तेच घ्या. त्यानंतर 'अ‍ॅनालाइज', मग 'क्विक सर्च'.

सापडलेली पार्टिशनं हिरव्या ओळींत दिसतात. हव्या त्या ओळीवर जाऊन पी दाबा, आतल्या फाइलींची यादी येते. ती ओळखीची दिसली तर तुमचं पार्टिशन सापडलं. एक सांगून ठेवते: देवनागरी आणि कन्नड नावांच्या जागी माझ्या पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली होती. मी रडायच्या बेतात होते. एनटीएफएस नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या पद्धतीत, ठेवतं, त्या काळ्या पडद्याला ती दाखवता येत नव्हती एवढंच.

यादी रिकामी असेल किंवा पार्टिशनच दिसत नसेल तर क्यू दाबून मागं या आणि 'डीपर सर्च' घ्या. तो तासन् तास चालतो.

फाइली दिसल्या की लगेच 'राइट' दाबू नका. आधी यादीतूनच फाइली बाहेर कॉपी करा. ए दाबून सगळ्या निवडा, मोठ्या लिपीतली सी दाबा, जागा म्हणून नवी डिस्क शोधा आणि तिथं पुन्हा मोठी सी दाबा. एका वेळी एकच फोल्डर घ्यायचा असेल तर त्याच्यावर जाऊन लहान सी. नव्या डिस्कवरच्या पाच-दहा फाइली उघडून बघा.

ज्यांना पार्टिशन जागच्या जागी परत हवं आहे त्यांनी त्यानंतर 'राइट' करावं. खाली 'स्ट्रक्चर ओके' असं दिसलं पाहिजे. 'बॅड' दिसत असेल तर दोन पार्टिशनं एकमेकांवर चढलेली आहेत, डाव्या-उजव्या बाणांनी चुकीच्या ओळीला डी म्हणजे डिलीटेड करा, बरोबर ओळीला पी म्हणजे प्रायमरी. 'ओके' येत नसेल तर लिहू नका. फाइली हाती आल्या आहेत, तेवढ्यावर थांबा.

७. फॉरमॅट झालं असेल तर

माझ्या डिस्कवर टेस्टडिस्कनं नवं, रिकामं पार्टिशनच दाखवलं. ते बरोबरच होतं, कारण त्याच जागी नवे दगड मी स्वतः रोवले होते.

क्विक फॉरमॅट फाइलींचा मजकूर पुसत नाही. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलीचं नाव आणि जागा लिहिलेली एक मोठी नोंदवही असते, एमएफटी. फॉरमॅट करताना नवी छोटी नोंदवही तयार होते आणि पुष्कळदा जुन्या वहीच्या सुरुवातीच्या पानांवर चढते. पुढची पानं तशीच राहतात. म्हणून यंत्रावरच्या अगदी पहिल्या फाइलींची नावं जातात, नंतरच्या वाचतात. माझी २०१९ नंतरची जवळजवळ सगळी कामं नावांसकट आली. त्या डिस्कवर सगळ्यांत आधी चढवलेले फोल्डर नावाविना राहिले, आणि ते होते वडिलांच्या एकसष्टीचे.

डीएमडीई उघडा, 'डिस्क इमेज'मधून इमेज दाखवा, पार्टिशनांच्या खिडकीत 'फुल स्कॅन' घ्या. संपल्यावर सापडलेल्या व्हॉल्यूमची यादी येते. आकार आणि फाइलींची संख्या बघून तुमचं ओळखा आणि 'ओपन व्हॉल्यूम' करा. डावीकडं फोल्डरांचं झाड दिसतं. मोफत आवृत्तीत एका वेळी एकाच फोल्डरमधल्या, जास्तीत जास्त ४००० फाइली उतरवता येतात आणि आतले उपफोल्डर सोबत येत नाहीत. पण कितीही वेळा करता येतं. मी कागदावरची यादी समोर ठेवून तीन रात्री एकेक फोल्डर उतरवला. फोल्डर हजारांत असतील तर परवाना विकत घेणं शहाणपणाचं, पण फाइली खरंच उघडतात हे मोफत आवृत्तीत पाहिल्यावरच.

८. नावाविना उरलेल्या फाइली

जिथं नोंदवहीच गेली तिथं फोटोरेक. ते नावं बघत नाही. जेपीजी कशानं सुरू होते, पीडीएफ कशानं सुरू होते, या खुणांवरून अख्खी डिस्क चाळतं. फाइल सिस्टिम विचारल्यावर एनटीएफएस आणि फॅटसाठी 'अदर', जागा विचारल्यावर 'होल'. 'फाइल ऑप्ट'मध्ये जाऊन लागतील तेवढेच प्रकार ठेवा, नाहीतर विंडोजची लाखभर चित्रं आणि चिटोरी सोबत येतात.

फाइली 'रीकप डिर' अशा क्रमांकाच्या फोल्डरांत, प्रत्येकी ५०० पर्यंत, येतात. नाव म्हणजे एफ आणि पुढं आकडा. तुकड्या-तुकड्यांत साठवलेल्या मोठ्या फाइली अर्ध्या येतात, व्हिडिओंचं असं पुष्कळ होतं. फोटो मात्र कॅमेऱ्यानं आत लिहिलेल्या तारखेवरून लावता येतात. वडिलांच्या एकसष्टीचे मी तसेच तारखेवरून वेगळे काढले.

डीटीपीवाल्यांनी पुढचं नीट वाचा. सापडलेली फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली म्हणून ती खराब समजून पुसू नका. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं युनिकोड म्हणून साठवलेली नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. जुन्या नुडीतल्या कन्नडचंही तसंच. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तर चांगली फाइलही मोडकी दिसते. आधी फॉन्ट बसवा, मग निवाडा करा. याच कारणानं विंडोजच्या शोधात 'शुभविवाह' लिहून अशा फाइली सापडत नाहीत. मी एक ओळखीची पत्रिका उघडली, श्रीलिपीतला 'शुभविवाह' इंग्रजी अक्षरांत कसा दिसतो ते उतरवून घेतलं आणि तीच अक्षरं शोधली. वर्डच्या पुष्कळ फाइली त्यानं वर आल्या.

कोरलड्रॉच्या एक्स४ आवृत्तीपासूनच्या फाइली आतून झिप असतात. एखादी झिप म्हणून सापडली आणि तिच्या आत 'कंटेंट' असा फोल्डर दिसला तर शेपटीतलं झिप काढून सीडीआर लिहा आणि कोरलमध्ये उघडून बघा.

गिऱ्हाइकांना खरं सांगा. "वैनी, मंडळाच्या अहवालाचं तेवढं बघा वो," असं म्हणत लोक आले, तेव्हा मी कागद दाखवून सांगितलं, हे मिळालं, हे नाही. दोघांकडं छापलेली जुनी प्रत होती, ती स्कॅन करून नव्यानं टाइप केली.

९. बाहेर द्यायची असेल तर

आवाज करणारी, अजिबात न दिसणारी, पाण्यात भिजलेली डिस्क घरी हाताळू नका. ती धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेचं काम आहे, आणि त्यासाठी पुणे किंवा बेंगळुरूसारख्या शहरात पाठवावी लागते. कोपऱ्यावरच्या दुकानात झाकण उघडू देऊ नका.

कोणाकडंही देताना पावतीवर सिरियल नंबर लिहून घ्या. मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही, फाइलींची यादी आधी दाखवायची आणि मग पैसे, हे लेखी घ्या. "आधी विंडोज टाकून देतो, मग बघू" असं कोणी म्हणालं तर डिस्क उचलून परत या. लोकांचे दाखले, आधार, उतारे तुमच्या डिस्कवर असतील तर प्रती दुसरीकडं राहणार नाहीत हेही विचारा.

वॉरंटीच्या आशेवर राहू नका. वॉरंटीत जुनी डिस्क ठेवून घेतात आणि दुसरी देतात. आतल्या फाइली वॉरंटीत येत नाहीत.

१०. पुन्हा विंडोज टाकताना

पार्टिशनला नाव द्या. 'माय कॉम्प्युटर'मध्ये डीवर उजवी क्लिक, रीनेम, आणि इंग्रजी अक्षरांत 'कामं पुसू नका' असं काहीही. विंडोज टाकतानाच्या यादीत सी-डी दिसत नाही, पण हे नाव दिसतं. मी ते दिलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. काम वेगळ्या डिस्कवर असेल तर विंडोज टाकेपर्यंत तिची केबलच काढून ठेवा.

माझ्या कामाची दुसरी प्रत आता खानापूरला माहेरी, आईच्या कपाटात असते. महिन्यातून एकदा जाते तेव्हा नवी कामं तिच्यात भरते आणि जुन्या दोन फाइली उघडून बघते.